केन्सिंग्टनमधलं सॅम्बोर्न हाऊस, शेजारचं लेटन हाऊस आणि हॉलंड पार्क

नदीकाठ (धागाकर्ती)

लंडनला येणारी आपली माणसं टॉवर ब्रिज, लंडन आय, मादाम तुसाँ करतात. वेळ उरलाच तर ब्रिटिश म्युझियम. जुनी राहती घरं बघायला फारसं कुणी जात नाही. पश्चिम लंडनमधल्या एका लहानशा परिसरात व्हिक्टोरियन काळातली दोन घरं आता संग्रहालयं म्हणून उघडी आहेत आणि आजूबाजूलाही बरंच बघण्यासारखं आहे. मला हा भाग फार आवडतो. पाहुणे आले की मी त्यांना आधी इथेच नेते. म्हणून हा धागा सविस्तर लिहितेय.

पहिलं घर म्हणजे १८, स्टॅफर्ड टेरेस. हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्टेशनला उतरलात की तिथून चालत जाता येतं. बाहेरून बघाल तर ओळीतल्या इतर घरांसारखंच, पांढऱ्या खांबांचं, अरुंद आणि उंच. इथे लिन्ली सॅम्बोर्न राहायचा. 'पंच' या साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. १८७४ मध्ये मॅरियन हेरापाथशी लग्न झालं, पुढच्या वर्षी दोघं इथे राहायला आली. घर घ्यायला मॅरियनच्या माहेरची मदत झाली होती. तो लॉर्ड नव्हता की कारखानदार नव्हता. दर आठवड्याला चित्र काढून द्यायचं आणि त्यावर संसार चालवायचा. माझ्या लेखी या घराचं मोल इथेच आहे. राजवाडे, किल्ले, सरदारांच्या हवेल्या सगळीकडे जपल्या जातात. कमावून खाणाऱ्या माणसाचं घर पडद्यांपासून फुलदाण्यांपर्यंत जसंच्या तसं राहणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

आत पाऊल टाकलं की आधी अंधार जाणवतो. डोळे सरावायला वेळ द्या. मग एकेक दिसू लागतं. भिंतीवर बोटभरही जागा रिकामी नाही. चित्रं, रेखाटनं, छायाचित्रं एकाला एक खेटून लावलेली. वर फळीवर निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बशा. छतालासुद्धा नक्षीचा कागद. सगळीकडे खुर्च्या, आणि त्याही वेगवेगळ्या घडणीच्या, कारण सॅम्बोर्नला जुन्या बाजारातून फर्निचर आणायचा नाद होता. त्या काळी कलावंत मंडळींमध्ये सौंदर्यवादी सजावटीचं वारं होतं. जपानी पंखे, चिनी भांडी, त्या काळचा नामांकित नक्षीकार विल्यम मॉरिसचे भिंतीचे कागद असं सगळं एकत्र. हे घर त्या आवडीचा सगळ्यात चांगला टिकलेला नमुना मानतात.

एक गोष्ट मुद्दाम बघा. लग्नानंतर त्यांनी मॉरिसचा कागद लावला होता. पुढे ऐपत वाढल्यावर सॅम्बोर्नला चामड्यासारखा दिसणारा उठावदार जपानी कागद हवा झाला. तो महाग. मग त्याने काय केलं, तर चित्रांच्या चौकटी जिथे टांगलेल्या होत्या तेवढ्या जागा सोडून नवा कागद कापून लावला. चित्रामागची भिंत कोण बघणार! त्यामुळे आजही त्या चित्रांच्या मागे मॉरिसचा जुना कागद आहे आणि उजेड न लागल्यामुळे त्याचा रंगही चांगला राहिला आहे. चारचौघांत थाट दिसावा आणि खिशालाही झेपावं, ही त्या नवरा-बायकोची सगळी ओढाताण तिथे समोर दिसते. मला तर ती भिंत त्या घरातल्या कुठल्याही चित्राहून जास्त बोलकी वाटते.

न्हाणीघरही चुकवू नका. १८८०च्या दशकात सॅम्बोर्न छायाचित्रणाकडे वळला, कारण त्याच्या कामाला तेच सोयीचं होतं. 'पंच'च्या मंडळींचं जेवण बुधवारी रात्री. तिथे त्या आठवड्याच्या मुख्य चित्राचा विषय ठरायचा आणि शुक्रवारी चित्र हातात द्यायचं. एवढ्या थोड्या वेळात घोडा, सैनिक, राजदूत, होडी हे सगळं अचूक काढायचं कसं? मग बायको, मुलं, नोकर, गाडीवान, जो हाताशी असेल त्याला मागच्या अंगणात उभं करायचं, फोटो काढायचा आणि त्यावरून रेखाटायचं. स्वतःही वेगवेगळे कपडे चढवून उभा राहायचा. संगमरवरी टबात फोटो धुवायचे. त्याच्या संग्रहात सुमारे ३०,००० छायाचित्रं आहेत. त्यातली निळ्या छटेची सायनोटाइप्स न्हाणीघराच्या भिंतीवर लावलेली आहेत.

मॅरियनच्या रोजनिशा १८८१ पासूनच्या आहेत. जेवायला कोण आलं, काय रांधलं, कोण आजारी पडलं, नोकरांचं काय चाललंय, पैसे कुठे गेले, सगळं त्यात. नवऱ्याची चित्रं जगाला दिसली, पण घर कसं चालत होतं हे आपल्याला मॅरियनमुळे कळतं. १८९८ मध्ये मुलगी मॉडचं लग्न झालं, त्यानंतर सॅम्बोर्नने आपलं चित्रकामाचं टेबल दिवाणखान्यातून वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या जुन्या खोलीत नेलं. तोवर पंचवीसेक वर्षं त्याने दिवाणखान्याच्या एका टोकाला बसून काम केलं होतं, घरातल्या येण्याजाण्यात.

आणि हे घर वाचलं कसं? सॅम्बोर्न १९१० मध्ये गेला, मॅरियन १९१४ मध्ये. मुलगा रॉय अविवाहित. तो १९४६ पर्यंत त्याच घरात राहिला आणि त्याने काही बदललं नाही. मग घर मॉडकडे आणि तिच्यामागून तिची मुलगी अॅन, काउंटेस ऑफ रॉस, हिच्याकडे आलं. त्या काळात व्हिक्टोरियन वस्तू म्हणजे अडगळ असं सगळ्यांचंच मत झालं होतं, इमारती धडाधड पाडल्या जात होत्या. अॅनला हे सहन होईना. तिने याच घरात माणसं जमवली आणि त्यातून १९५८ मध्ये व्हिक्टोरियन सोसायटी उभी राहिली. कवी जॉन बेट्जमन, कला-इतिहासकार निकोलस पेव्ह्स्नर ही मंडळी तिच्यात होती. यूस्टन स्टेशनची प्रचंड कमान ते वाचवू शकले नाहीत, १९६१-६२ मध्ये ती पाडली गेली. पण पुढे बरंच वाचलं. स्टॅफर्ड टेरेसचं घर १९८० मध्ये तेव्हाच्या ग्रेटर लंडन कौन्सिलने घेतलं आणि १९८९ पासून ते केन्सिंग्टन अँड चेल्सी बरोकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेकडे आहे. अलीकडे मोठी डागडुजी झाली. २०२२ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा तळघरातलं स्वयंपाकघर आणि वरची मोलकरणीची खोलीही पुन्हा उभी केलेली होती.

दुसरं घर, लेटन हाऊस, हॉलंड पार्क रोडवर, इथून चालत जाण्यासारखं. फ्रेडरिक लेटन हा रॉयल अकादमीचा अध्यक्ष, त्या काळचा सगळ्यात मानाचा चित्रकार. १८९६ मध्ये त्याला उमराव केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो वारला. वास्तुविशारद जॉर्ज एचिसनकडून त्याने १८६५ पासून हे घर बांधून घेतलं आणि शेवटपर्यंत वाढवत राहिला. १८७७ ते १८८१ मध्ये झालेला अरब हॉल बघून माणूस थबकतो. दमास्कसच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या फरशा, वर सोनेरी घुमट, वॉल्टर क्रेनने आखलेला मोझेकचा पट्टा आणि मधोमध काळ्या संगमरवराचं कारंजं. पालेर्मोच्या ला झीसा राजवाड्यावरून ही कल्पना घेतलेली आहे. फरशा बसवायचं काम विल्यम डी मॉर्गन या फरशा घडवणाऱ्या कलावंताकडे होतं. शेजारच्या दालनातल्या मोरपंखी निळ्या फरशा त्याच्या स्वतःच्या. एवढ्या मोठ्या घरात शयनगृह मात्र एकच, अगदी साधं. बाकी सगळं काम आणि पाहुणे यांच्यासाठी.

दोन्ही घरं एकाच दिवशी बघा असं मी का म्हणते, तर लेटन गेल्यावर त्याचं सगळं सामान त्याच वर्षी लिलावात गेलं. घर रिकामं झालं. पुढे भिंती पांढऱ्या फासल्या गेल्या, दुसऱ्या महायुद्धात बाँबने नुकसान झालं. आज तिथे दिसणारे गडद लाल, निळे, सोनेरी रंग म्हणजे २००८-१० आणि त्यानंतर २०२२ पर्यंत चाललेल्या जीर्णोद्धाराची कमाई आहे. जुन्या छायाचित्रांवरून एकेक वस्तू शोधून, कधी तशीच दुसरी घडवून. म्हणजे एक घर कुटुंबाने न हलवता राखलं आणि दुसरं जाणकारांनी पुन्हा जमवलं. दोन्ही लागोपाठ बघितलं की जीर्णोद्धार हे केवढं कष्टाचं काम आहे ते नीट कळतं. माझं मत विचाराल तर आधी सॅम्बोर्न, मग लेटन. उलट केलंत तर अरब हॉलच्या झगमगाटानंतर सॅम्बोर्नच्या अंधाऱ्या खोल्यांत मन लागणार नाही.

मग शेजारच्या हॉलंड पार्कमध्ये जा. मधोमध हॉलंड हाऊसचे अवशेष आहेत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा वाडा, सप्टेंबर १९४० च्या बाँबफेकीत जळाला. छप्पर कोसळलेल्या ग्रंथालयात टोप्या घातलेली तीन माणसं शांतपणे पुस्तकं चाळताहेत हा प्रसिद्ध फोटो इथलाच. उन्हाळ्यात या अवशेषांसमोर ऑपेरा होतो. पार्कातली क्योटो बाग १९९१ ची. धबधबा, कोय मासे, मोकळे फिरणारे मोर. दक्षिणेच्या टोकाला डिझाइन म्युझियम आहे. ती इमारत १९६२ ची, कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटसाठी बांधलेली. तिचं तंबूसारखं तांब्याचं छप्पर लांबूनच ओळखू येतं.

---

चौकट

वाचनखूण साठवली. फार छान आणि सविस्तर लिहिलं आहे. जूनमध्ये आई-बाबा येताहेत. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना हे जमेल का? आणि बरोबर सहा वर्षांचा मुलगा असेल.

---

नदीकाठ

@चौकट, सॅम्बोर्न हाऊसमध्ये लिफ्ट नाही आणि जिने अरुंद आहेत. तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत चढ-उतार आहे. बाबांना त्रास होईल. त्यांच्यासाठी लेटन हाऊस उत्तम. २०२२ च्या कामात तिथे लिफ्ट बसवली आहे, सगळ्या मजल्यांवर पायऱ्या न चढता जाता येतं. चहा-खाण्याच्या जागेला आणि बागेला तिकीटही लागत नाही. तुम्ही आणि आई सॅम्बोर्न बघून या, तोवर बाबा तिथे निवांत बसतील.

मुलाला सॅम्बोर्नमध्ये 'हात लावू नकोस' हे सतत सांगावं लागेल, त्यात तुमचं बघणं राहून जाईल. त्याला हॉलंड पार्कात सोडा. मोर बघून खूश होईल आणि खेळायची मोठी जागाही आहे. डिझाइन म्युझियमचं कायमचं दालन मोफत आहे, तेही त्याला आवडेल.

---

पेन्सिलटोक

धाग्यासाठी मनापासून आभार. मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. सॅम्बोर्नचं नाव माहीत नसलं तरी त्याचं एक चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेलं असेल. ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स आफ्रिकेच्या नकाशावर दोन पाय फाकून उभा, एक पाय कैरोवर, एक केप टाउनवर, हातात टेलिग्राफची तार. ते सॅम्बोर्नचं, डिसेंबर १८९२ च्या 'पंच'मधलं. साम्राज्यवादावर शिकवताना हटकून हेच चित्र दाखवतात.

त्याची रेघ बघताना माझं लक्ष नेहमी कपड्यांच्या चुण्यांकडे जातं. बाहीचा कापड कोपरापाशी कसा दुमडतो, बुटाची टाच जमिनीवर कशी रुतते, हे मनाने काढता येत नाही. फोटोवरून काढलं की त्यात वजन येतं. आज आम्ही सगळे मोबाइलवर संदर्भाचे फोटो काढून काम करतो आणि काहींना ती लबाडी वाटते. या माणसाने ते १८८०च्या दशकात रोजच्या कामात आणलं होतं. त्याआधी 'पंच'चा मुख्य चित्रकार होता जॉन टेनियल. तो स्मरणावर काढायचा. सॅम्बोर्न त्याच्या जागी १९०१ मध्ये आला. दोघांची चित्रं शेजारी ठेवली की हा फरक चटकन दिसतो.

मुंबईतही त्याच धर्तीवर 'हिंदी पंच' निघायचं. व्यंगचित्रांची आवड असलेल्यांनी तेही शोधून बघावं.

---

ओसरी

लेख आवडला, पण मला एक विचारायचं आहे. अशी घरं बघताना आपण मालकांच्या आवडीनिवडीचंच कौतुक करतो. एवढ्या बशा, एवढी चित्रं, एवढे पडदे रोज पुसत कोण होतं? त्या काळात लंडन कोळशावर चालायचं. प्रत्येक खोलीत शेगडी, म्हणजे प्रत्येक वस्तूवर काजळी. पहाटे उठून राख काढायची, कोळसा चार मजले वर न्यायचा, गरम पाणी वर न्यायचं, घाण पाणी खाली आणायचं. मोलकरणीच्या खोलीबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत. ती कशी आहे ते सांगाल का?

---

नदीकाठ

@ओसरी, तुमचं म्हणणं अगदी पटतं आणि विचारलंत ते बरं झालं.

खालच्या खोल्यांतून वर जाल तसा एकेक मजल्यागणिक थाट कमी होत जातो. मोलकरणीच्या खोलीशी पोचेपर्यंत काहीच उरत नाही. लहान पलंग, हातपाय धुवायला भांडं, अंगावरचे कपडे टांगायची सोय. भिंतीवर नक्षीचा कागद नाही. खाली सोनेरी छत आणि वर ही खोली, एकाच छपराखाली. आणि त्या मुलीचा दिवस तुम्ही लिहिलात तसाच असणार, कारण स्वयंपाकघर तळाशी आणि झोपायची जागा वर. सगळं घर तिच्या पायांवर.

पूर्वी हे दोन्ही भाग लोकांना बघायला मिळत नव्हते. २०२२ मध्ये त्यांनी ते उघडे केले हा मला त्या संपूर्ण कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. मॅरियनच्या रोजनिशीत नोकरांबद्दल तक्रारी येतात, त्यांच्या आजारपणाची काळजीही येते. त्यांची स्वतःची रोजनिशी कुणी ठेवली नाही. पण सॅम्बोर्नने त्यांचे फोटो काढले, चित्रासाठी म्हणून का होईना. त्यामुळे निदान त्यांचे चेहरे आपल्याला दिसतात. त्या काळातल्या बहुतेक घरांतल्या कामकरी बायकांच्या वाट्याला तेही आलं नाही.

---

गिरगावकर

व्वा! या परिसराचं मुंबईशी किती घट्ट नातं आहे ते कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

लेटन हाऊसच्या मागे मेलबरी रोड आहे. तिथे लाल विटांचं, गोल मनोऱ्याचं टॉवर हाऊस दिसेल. विल्यम बर्जेस या वास्तुविशारदाने स्वतःसाठी बांधलेलं. तो १८८१ मध्ये याच घरात वारला. ते खासगी आहे, आत जाता येत नाही, रस्त्यावरून बघायचं. या बर्जेसने १८६६ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी आराखडे केले होते. इमारत झाली नाही, खर्च परवडेना. पण त्याचा शिष्य विल्यम इमर्सन मुंबईत आला आणि त्याने क्रॉफर्ड मार्केट उभारलं, आपली आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. दारावरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं जे. जे.त शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंगची. मंडईत भाजी घेताना मान वर करून बघा आणि मग मेलबरी रोडला जाऊन तो मनोरा बघा. गुरू-शिष्य लगेच कळतात.

दुसरं, हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सेंट मेरी अॅबट्स चर्च आहे, उंच सुळक्याचं. ते वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. तिथून पूर्वेला चालत गेलात की केन्सिंग्टन गार्डन्समध्ये अल्बर्ट मेमोरियल, तेही स्कॉटचंच, १८७२ चं. आणि आपला राजाबाई टॉवर व विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह कुणाचं? याच स्कॉटचं. तो मुंबईला कधी आलाच नाही, इथूनच नकाशे पाठवले. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर बघत मोठा झालेल्या माणसाला केन्सिंग्टनचं ते चर्च बघताना काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

---

साळुंकी

@गिरगावकर, सुंदर माहिती. यात प्रिन्सेपही जोडा. लेटनच्या अगदी शेजारच्या घरात चित्रकार व्हॅल प्रिन्सेप राहायचा. जन्म १८३८ चा, कलकत्त्याचा. १८७७ च्या दिल्ली दरबाराचं प्रचंड चित्र त्यानेच काढलं, त्यासाठी भारतभर हिंडून संस्थानिकांची चित्रं काढली. आणि हा जेम्स प्रिन्सेपचा पुतण्या. ज्या जेम्सने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी वाचली, ज्यामुळे अशोकाचे लेख बोलते झाले आणि पुढे आपल्या नाणेघाट, कार्ले, नाशिकच्या लेण्यांतले लेख वाचता आले. लेण्यांचं वेड असलेल्या प्रत्येकाने त्या रस्त्यावर एकदा उभं राहावं असं मला वाटतं.

मात्र अरब हॉलबद्दल मला बोलायचं आहे. तो अतिशय देखणा आहे यात वाद नाही. पण त्या फरशा दमास्कसच्या घरांतून, धार्मिक वास्तूंतून उखडून आणलेल्या आहेत. कुराणातल्या आयती असलेल्या फरशा एका चित्रकाराच्या मेजवानीच्या दालनात! मला तिथे मोकळ्या मनाने उभं राहता आलं नाही.

---

नदीकाठ

@साळुंकी, ही टोचणी मलाही लागते आणि ती लागावीच.

मला जे माहीत आहे ते सांगते. लेटन स्वतः सीरिया, इजिप्तला गेला होता. काही फरशा त्याने घेतल्या, काही प्रवासी रिचर्ड बर्टनच्या मदतीने मिळाल्या, काही साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी खरेदीला गेलेल्या कॅस्पर पर्डन क्लार्कने त्याच्यासाठी आणल्या. म्हणजे पैसे मोजलेले आहेत. पण तेव्हा दमास्कसमधली जुनी घरं मोडकळीला आलेली होती, विकणारा अडलेला होता आणि घेणाऱ्याच्या मागे साम्राज्याचं बळ होतं. त्या सौद्याला बरोबरीचा म्हणता येत नाही.

नव्या जिन्याच्या भिंतीवर इराणी चित्रकार शहरजाद गफारीचं खूप उंच भित्तिचित्र आहे, रूमीच्या कवितेवर आधारलेलं. संग्रहालयाने तिला बोलावून हे करून घेतलं. त्याने जुना हिशेब फिटत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या संस्कृतीतली आजची कलावंत तिथे स्वतःच्या नावाने उभी आहे, याचं मला मोल वाटतं. तुम्ही गेलात तेव्हा ते पाहिलंत का? खालून वर जाताना त्या निळ्या रेषा जिन्याबरोबर वळत जातात.

---

साळुंकी

मी गेले ते डागडुजीच्या आधी. भित्तिचित्र पाहिलेलं नाही. पुन्हा जाईन, तुम्ही लिहिलंत त्या नजरेने बघेन.

---

ओसरी

वाचताना सारखं वाटत राहिलं की आपल्याकडे असं मध्यमवर्गीय घर कुठे जपलं आहे? पुण्यात फुलेवाडा आहे, मुंबईत मणिभवन आहे, दादरला राजगृह आहे. ती सगळी मोठ्या माणसांची, आणि ती जपली हे योग्यच झालं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धारही किती सुरेख झाला, २००८ मध्ये उघडलं तेव्हा ती झळाळी बघून डोळ्यांत पाणी आलं होतं. पण गिरगावातली चाळीची खोली, सदाशिव पेठेतलं मास्तरांचं बिऱ्हाड, फडताळातल्या बरण्या, फळीवरचे पितळी डबे, ओटा नसलेलं बसून करायचं स्वयंपाकघर, हे असं आहे तसं राखलेलं मला कुठे आढळलं नाही. वाडे पाडून इमारती झाल्या. एखाद्या रॉयने घर न बदलता ठेवलं असेल, तर त्याच्यामागून बिल्डर आला.

---

गिरगावकर

@ओसरी, अगदी मनातलं बोललात. आमच्या चाळीचं पुनर्विकासाचं काम सुरू व्हायच्या आधी मी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवले आहेत. सामायिक गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, जिन्याखालचा नळ, सगळं. शेजारच्या काकूंकडून त्यांच्या सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्याही मागून घेतल्या. घर राखणं आमच्या हातात नव्हतं. कागद आणि फोटो होते, ते राखले. सॅम्बोर्नचं घर वाचताना कळतंय की मॅरियनच्या वह्या नसत्या तर त्या खोल्या निम्म्या मुक्या राहिल्या असत्या. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी कृपया रद्दीत देऊ नका.

---

चौकट

धागा फारच सुंदर वळणावर गेला. नदीकाठताई, आणखी दोन शंका. तिकिटं आधी काढावी लागतात का? आणि आई-बाबांना आंबेडकरांचं घरही बघायचं आहे, ते याच दिवशी जमेल का?

---

नदीकाठ

@चौकट, दोन्ही घरांचं एकत्र तिकीट मिळतं, ते घ्या, स्वस्त पडतं. सॅम्बोर्नच्या खोल्या लहान असल्यामुळे आधी वेळ ठरवून जाणं चांगलं. दोन्ही घरं आठवड्यातले सगळे दिवस उघडी नसतात, सॅम्बोर्नचे दिवस लेटनपेक्षा कमी आहेत. त्यामुळे संकेतस्थळावर बघूनच दिवस ठरवा. मंगळवार तर टाळाच.

बाबासाहेबांचं घर १०, किंग हेन्रीज रोडवर, प्रिमरोज हिलजवळ आहे. चॉक फार्म स्टेशनला उतरायचं. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहून शिकत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर घेतलं आणि तिथे स्मारक केलं. केन्सिंग्टनपासून ते बरंच लांब आहे. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करता त्याला वेगळा दिवस द्या. त्याच दिवशी मेडा व्हेलला १०, हाऊली प्लेसवर लोकमान्य टिळकांच्या नावाची निळी पाटी बघता येईल. १९१८-१९ मध्ये त्यांचा मुक्काम तिथे होता. आत जाता येत नाही, बाहेरून नमस्कार करायचा.

केन्सिंग्टनच्या दिवशी सकाळी सॅम्बोर्न, दुपारचं खाणं लेटनमध्ये, मग लेटन हाऊस, आणि ऊन उतरल्यावर हॉलंड पार्क. जूनमध्ये रात्री नवापर्यंत उजेड असतो, त्यामुळे गिरगावकरांनी सांगितलेला मेलबरी रोडचा मनोराही आरामात होईल. घरांच्या आत जाताना पाठीवरची मोठी सॅक नेऊ नका, अरुंद जागेत वस्तूंना धक्का लागतो. लहान पिशवी पुरे.

---

चौकट

खूप खूप आभार. एकत्र तिकिटं आजच बघते. आईला गिरगावकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिचं बालपण काळबादेवीत गेलं, म्हणाली आधी ते चर्च दाखव, मग बाकीचं.